‘आलोच’ची मिनिटं

रंगराव आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं.

"कुठं ठिवलाय?" त्यांनी विचारलं.

"काय?" मी म्हणाले.

"अजगर. तुमी पायथनवर काम करता म्हणं. आमी इचारलं त्याचा अर्थ काय, तर अजगर म्हणाले."

अजिंक्य, म्हणजे माझा बॉस, पोट धरून हसला. क्लायंटच्या कुठल्याही वाक्यावर तो हसतो. एकदा एकानं सासरे वारल्याचं सांगितलं तेव्हाही तो सवयीनं अर्धा हसून बसला होता. मी हसले नाही. साडेदहाची वेळ घेऊन साडेअकराला उगवणाऱ्या माणसाच्या विनोदाला मी हसत नसते. आमचे बाबा पिंपरीतल्या कंपनीत भोंग्यावर कामाला जायचे, आणि आम्ही भावंडं त्याच भोंग्यावर उठायचो, जेवायचो आणि मार खायचो. उशीर करणाऱ्या माणसाचा मला मनापासून संताप येतो. माझा राग नाकावर असतो हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी ते लपवत नाही.

ऑफिस म्हणजे तरी काय. पत्त्यात आम्ही 'तळवडे आयटी पार्कजवळ' असं लिहितो, पण खरं तर आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत खाली लेथचं वर्कशॉप आहे आणि त्याच्या डोक्यावर आम्ही चौघं. खाली लेथ सुरू झालं की वर आमचे चहाचे कप टेबलावर आपोआप सरकायला लागतात. त्या दिवशीही रंगरावांचा कप त्यांच्यापासून सरकत सरकत अजिंक्यपर्यंत गेला, आणि अजिंक्यनं तो पिऊन टाकला.

रंगराव मूळचे मोशीचे. शेतं गेली, शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि आलेल्या पैशातून त्यांनी बस घेतल्या. रोज सकाळी त्यांच्या बस मोशी, जाधववाडी, चिखली भागातल्या कामगारांना गोळा करून चाकणच्या कारखान्यांत नेऊन सोडतात. आता एका मोठ्या कारखान्यानं नवी अट घातली होती. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचली आणि गेटवर किती वाजता आली, याचा रोजचा रिपोर्ट पाहिजे.

"जीपीएस का नाही बसवत?" मी विचारलं.

"बसवलं हुतं. ड्रायवर लोकांनी वायर काडून मोबाइलची चार्जरं लावली. तीन महिने समद्या गाड्या माज्या गोठ्यातच दिसत हुत्या."

मग असं ठरलं. प्रत्येक बसचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होताच. त्यात ड्रायव्हर आणि त्या बसचे कामगार. ड्रायव्हर थांब्यावर पोचला की ग्रुपवर काहीतरी टाकायचा. ते मेसेज वाचून, त्यांच्या वेळा उचलून, कारखान्याच्या गेटवरच्या नोंदीशी ताडून बघायच्या आणि रिपोर्ट बनवायचा. त्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली कामाची चिठ्ठी: हे उचल, त्यातून ते वजा कर, उरेल ते इथं लिही. दोन दिवसांचं काम, असं मी अजिंक्यला म्हणाले.

पहिल्याच रिपोर्टात रंगरावांच्या सगळ्या बस मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास चाकणला पोचल्या. आमचा सर्व्हर ग्रिनिचच्या घड्याळावर चालत होता, आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मी हे रंगरावांना नीट समजावून सांगितलं.

"म्हंजी आमच्या गाड्या लंडनला जाऊन आल्या?"

"तसं नाही, काका."

"मंग डिझेल कुणी घातलं?"

पायथन या संगणकाच्या भाषेत टाइमडेल्टा नावाची एक सोय असते. कुठल्याही तारखेत, कुठल्याही वेळेत हवे तेवढे दिवस, तास, मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची. एका ओळीत साडेपाच तास मिळवले आणि सगळ्या बस लंडनहून सुखरूप परत आल्या.

जाताना रंगराव म्हणाले, "आठ दिसांनी येतो, समदं तयार ठिव." तो मंगळवार होता. मी आठ दिवस मिळवले आणि पुढच्या बुधवारची तयारी केली. मंगळवारी सकाळी ते दारात हजर. मी खवळले. मंगळवार ते मंगळवार सात दिवस होतात हे मी बोटं मोजून दाखवलं. त्यांनीही बोटं मोजून दाखवली, आजचा मंगळवार धरून, आणि त्यांची बरोबर आठ भरली. अजिंक्य अर्थातच क्लायंटच्या बोटांच्या बाजूनं उभा राहिला. मग मी गुपचूप स्क्रिप्टमध्ये एक नियम घातला: आठ दिवस म्हणजे मिळवा सात, पंधरा दिवस म्हणजे मिळवा चौदा. असं गणित दुसऱ्या कुठल्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर मला कामावरून काढलं असतं.

तेवढ्यावर भागलं नाही. एका ड्रायव्हरनं लिहिलं, "परवा गाडी बंद." आता मराठीतला परवा दोन्ही दिशांना तोंड करून बसलेला असतो. होऊन गेलेला परवा की यायचा परवा? मी म्हटलं, क्रियापद बघायचं. 'बंद होती' असेल तर वजा दोन, 'बंद राहील' असेल तर अधिक दोन, आणि क्रियापदच नसेल तर ड्रायव्हरला फोन करून झापायचं. मग तोच नियम मी सगळ्या मेसेजना लावला. 'येईन', 'येणार' म्हणजे अजून व्हायचं आहे. 'आलो', 'पोचलो' म्हणजे झालं. शाळेत व्याकरणात माझा कधी अर्धा मार्कही गेला नव्हता. मराठीला मी चांगलं वठणीवर आणलं, असं त्या दिवशी घरी जाताना मला वाटत होतं.

नवा रिपोर्ट आला आणि त्यात एक बस लाल झाली.

बाकीच्या बस मोशीहून निघून ठरल्या वेळेत चाकणच्या गेटवर पोचत होत्या. ही एकच बस अशी होती की मोशीच्या थांब्यावर वेळेच्या आधी पोचायची, गेटवरही वेळेवर असायची, पण मधली वीसेक मिनिटं कुठंतरी गायब. एक दिवस नव्हे, रोज. शिवाय संध्याकाळी सगळ्यांना सोडल्यावरही ती रस्त्यावरच दिसायची, पार सकाळपर्यंत. ड्रायव्हरचं नाव नवनाथ.

रंगरावांनी तो लाल पट्टा बघितला आणि टेबलावर हात आपटला.

"वडाप करतंय बेनं!" ते ओरडले. "मोशीपास्नं चाकणपत्तोर हात करंल त्याला बसवतोय. आन रातीबी धंदा चालूच! माज्या गाडीत, माज्या डिझेलवर!"

"आकडे तरी तसंच सांगतात," मी म्हणाले. चोर पकडल्याचा मला आनंद झाला होता, उगीच नाही कशाला म्हणू.

"सोमवारपास्नं धाडतो त्याला रांजणगावच्या गाडीवर. तितंच ऱ्हायचं, तितंच झोपायचं, आठ दिसांनी घरी यायचं. मंग बघू कुठं वडाप करतो ते."

हे बुधवारी झालं. गुरुवारी दुपारी एक बाई आमच्या जिन्यावरून धाडधाड वर आली. अंगात कारखान्याचा निळा कोट, केसांवर अजून जाळीची टोपी, खांद्याला डब्याची पिशवी. दारातूनच तिनं विचारलं, "त्या कम्प्युटरवाल्या ताई कोण?"

ऑफिसातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. अजिंक्य तर केबिनमध्येच पळाला.

"मी श्रद्धा. नवनाथ ड्रायव्हरची बायको," ती म्हणाली. "आमच्या माणसाला कामून खोटं पाडायलात तुम्ही?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मी तिला रिपोर्ट दाखवला. तिनं तो बघितला नाही.

"ताई, मी रोज त्याच गाडीत असते. चाकणला हार्नेसच्या लाइनवर आहे मी, गाड्यांच्या वायरी बांधते. मोशीला चढते आन गेटवर उतरते. मधी गाडी थांबली तर मला दिसणार नै का?"

"तुम्ही त्यांच्या मिसेस आहात. तुम्ही तसंच सांगणार."

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा पडला आणि ती एकदम खाली बसली, खुर्ची कुठं आहे ते न बघताच. नशिबानं खुर्ची होती.

"दोन खोल्या आहेत आमच्या, बोऱ्हाडेवाडीला," ती म्हणाली. "त्यात सासू, दीर, जाऊ, त्यांची लेकरं आन आमी दोघं. परभणीहून आलो तवापासनं असंच आहे. कुणाचं वाईट नै, सगळे चांगले आहेत. पण नवऱ्याशी एक शब्द बोलायचा म्हणलं तर चार जण ऐकायला बसलेले. लेकरं तर मधीच उत्तर पण देतेत. मी गाडीत केबिनमधी बसते, इंजिनच्या बाजूला. इंजिनचा आवाज इतका असतो की मागच्याला काहीच ऐकू येत नै. तेवढा अर्धा तास आमचा. भांडायचं तरी तिथंच, हसायचं तरी तिथंच. आमचा संसार त्या केबिनमधी चाललाय, ताई. आन तुम्ही त्यांना रांजणगावला पाठवायलात."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून आकडे बदलत नाहीत, आणि आकडे बदलले नाहीत तर मी काय करणार, असंही वाटलं. मी मान खाली घालून तिच्या बसचा ग्रुप उघडला आणि मेसेज पुन्हा वाचायला लागले. बाकीच्या बसचे ड्रायव्हर थांब्यावर पोचल्यावर नुसता अंगठा पाठवायचे. अंगठ्याला काळ नसतो. नवनाथ मात्र सभ्य माणूस, तो शब्द लिहायचा. रोज सकाळी एकच शब्द: "आलोच."

आलो. भूतकाळ. म्हणजे पोचला. स्क्रिप्टचं काही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात आतून अजिंक्यनं हाक मारली. "आम्रपाली, जरा ये गं, क्लायंट लाइनवर आहे."

"आलेच!" मी ओरडले आणि पुढचा मेसेज वाचायला लागले.

आणि माझा हात माउसवर तसाच थांबला.

मी खुर्चीत होते. मी उठलेही नव्हते. उठायचा माझा विचारही नव्हता, निदान दहा मिनिटं तरी. आणि मी साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं होतं की मी आले. अजिंक्यनंही ते मुकाट मान्य केलं होतं, कारण आतून पुन्हा हाक आली नाही. भोंग्यावर वाढलेली मी!

"काय झालं?" श्रद्धानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "मराठी झाली."

मग मी भराभर शोधलं. नवनाथच्या "आलोच"नंतर रोज ग्रुपवर कुणीतरी "आली आली" असं लिहीत होतं, म्हणजे बस खरोखर दिसल्यावर. दोन मेसेजमधलं अंतर काढलं. वीस मिनिटं. कधी अठरा, कधी बावीस, पण धरून चाला वीस. नवनाथ जाधववाडीहून निघताना "आलोच" लिहायचा, मोशीची माणसं ते वाचून डबा भरायला, चपला शोधायला लागायची, आणि बस आली की सगळी थांब्यावर उभी असायची. गायब झालेली वीस मिनिटं चाकणच्या रस्त्यावर नव्हतीच. ती त्या शेवटच्या 'च'मध्ये बसली होती. आणि संध्याकाळी सगळ्यांना उतरवून तो निरोपाचं "येतो" लिहायचा. आपल्यात जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, येतो म्हणतो. माझ्या स्क्रिप्टनं ते वाचलं, आणि बिचारी रात्रभर बस येण्याची वाट बघत बसली.

मी नियम लिहिला: 'आलोच' असेल तर मेसेजच्या वेळेत टाइमडेल्टा, मिनिटं वीस. 'येतो' असेल आणि संध्याकाळ असेल तर गेला असं समजा. बटण दाबलं. लाल पट्टा गेला.

श्रद्धा उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. माझ्याहून ती चार वर्षांनी तरी लहान असेल.

"मालकाला केबिनचं नका सांगू," जिन्यातून ती म्हणाली. "गाडीत बायकोशी गप्पा मारतो म्हणतील."

मी लगेच रंगरावांना फोन लावला आणि सगळं समजावलं, अर्थातच केबिन सोडून. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हंजी तो आलो म्हणतो तवा तो आलेला नसतो?"

"नसतो."

"मंग खोटंच बोलतोय की!"

"काका, परवा तुम्ही मला फोनवर 'निघालोच' म्हणालात. मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत होता."

पलीकडं रंगराव खाकरले.

"ते येगळं," रंगराव म्हणाले. "आमी मालक हाय. हे बघ म्याडम, कंपनीच्या सायबाला मी आलोच, गेलोच सांगत बसू का? तुजं यंत्र एकदा म्हणतं चोर, एकदा म्हणतं साव. सोमवारी मी सोता बसतो त्या गाडीत. तूबी ये. आन नवनाथला सांगतो, शबुद न्हाई, टाइम लिही. गाडी येळंवर पोचली तर ऱ्हाईल, न्हाई तर रांजणगाव."

सोमवारी पहाटे मी जाधववाडीत बसमध्ये चढले तेव्हा आत रंगराव आधीच होते, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात मोबाइल. ते पुढं केबिनमध्ये बसले होते, इंजिनशेजारच्या गादीवर. नेमकं तिथंच. मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

नवनाथ हा बारीक, उंच, पडलेल्या खांद्यांचा माणूस. त्यानं मला नमस्कार केला आणि मोबाइलवर, जणू परीक्षेचा पेपर लिहितोय अशा बेतानं, टाइप केलं: "मोशी येथे बस ठीक ६.२० वाजता पोहोचेल. कृपया नोंद घ्यावी. नवनाथ."

 ग्रुपवर एकानं विचारलं, "कोण बोलतंय?" दुसऱ्यानं लिहिलं, "नवनाथभाऊ बरे आहेत का?" तिसऱ्यानं काही न वाचताच हात जोडल्याची चित्रं टाकली, कारण इतकी शुद्ध भाषा त्या ग्रुपवर फक्त कुणी गेल्यावरच येत असे. ते बघून आणखी चौघांनी हात जोडले.

सहा वीसला आम्ही मोशीच्या थांब्यावर पोचलो, अगदी ठोक्याला. थांब्यावर श्रद्धा होती आणि एक म्हातारे गृहस्थ होते, ते दुसऱ्याच बसची वाट बघत होते.

"माणसं कुठं हायेत?" रंगरावांनी विचारलं.

"येतील, मालक," नवनाथ म्हणाला. "रोज आलोच म्हणलं की निघतेत. आज टाइम दिला ना. मंग त्या टाइमाला घरून निघाले असतील."

तसंच झालं होतं. एकेक जण येत होता, कुणी पळत, कुणी अर्धवट भांग पाडून, आणि प्रत्येक जण बसमध्ये चढताना आधी नवनाथला नीट निरखून बघत होता. एकीनं तर त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. रंगराव घड्याळाकडं बघून दात ओठ खात होते. मी लॅपटॉप उघडून बसले होते. वेळ अचूक लिहिली होती, बस अचूक आली होती, आणि सगळा खेळखंडोबा झाला होता.

श्रद्धा चढली. केबिनकडं वळली, गादीवर रंगराव दिसले, तशी मागं फिरून माझ्याशेजारी येऊन बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरून. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

बस निघाली. इंद्रायणीचा पूल गेला, चिंबळी फाटा गेला. पुढं रंगराव नवनाथशी काहीतरी बोलू बघत होते.

"काय, मालक?" नवनाथ ओरडला.

रंगराव पुन्हा बोलले.

"काय?"

शेवटी रंगरावांना त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागलं. मागं आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग ते समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले.

कुरुळीला ट्रकांची ही रांग लागली. बस उभी राहिली ती राहिलीच. उशीर आधीच झाला होता, आता त्याला सीमा उरली नाही. आणि तेव्हा श्रद्धानं, खिडकीबाहेर बघत बघतच, पिशवीतून छोटा थर्मास काढला, झाकणात चहा ओतला, उठली आणि सरळ पुढं जाऊन हात लांब केला. नवनाथनंही न बघताच हात मागं केला आणि झाकण घेतलं. रोजची सवय. फक्त ते झाकण आज रंगरावांच्या बरोबर नाकासमोरून गेलं.

तिघंही तसेच थिजले. ट्रकांमुळं नवनाथनं इंजिन बंद केलं होतं, त्यामुळं सगळ्या बसला सगळं ऐकू येत होतं.

"ही कोण?" रंगरावांनी विचारलं.

"मंडळी हाय माजी, मालक."

"कवापास्नं?"

"लग्न झाल्यापासनं."

"आरं, गाडीत कवापास्नं, ते इचारतोय!"

"तवापासनंच," नवनाथ म्हणाला. 

रंगरावांनी वर बघितलं, श्रद्धाकडं. "घरी च्या करून देत न्हाईस व्हय ह्याला?"

मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही. तिनं मान ताठ केली.

"घरी चहा मिळतो, मालक," ती म्हणाली. "बोलायला नै मिळत. इथं बसून बोलतो आमी. गाडी त्यांनी कधीच कुठं थांबवली नै."

मागं कुणी हसलं नाही. कामगारांपैकी एक बाई खिडकीशी खेळत बसली, एकानं मोबाइल बघण्याचं सोंग केलं. त्या बसमधल्या सगळ्यांना हे कितीतरी दिवसांपासून माहीत असणार, आणि त्यातला कुणीही ते कधी बाहेर बोललेला नव्हता. मला त्या सगळ्यांचा एकदम फार लोभ वाटला.

रंगराव गादीवरून उठले. उठायला त्यांना जरा वेळ लागला, एक हात टपाला लावून.

"बस गं बाई," ते श्रद्धाला म्हणाले. "इंजिनाच्या आवाजानं डोकं उठलंय माजं. आन च्या पी रे तू, निवंल."

ते दांड्यांना धरत धरत मागं आले आणि माझ्याशेजारी, श्रद्धाच्या रिकाम्या जागेवर बसले. ट्रक हलले. नवनाथनं चहा एका घोटात संपवला, इंजिन सुरू केलं, आणि पुढं श्रद्धानं वाकून त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. तो हसला. खांदे हलताना दिसले, आवाज मात्र काही मागं आला नाही.

रंगराव बराच वेळ तिकडंच बघत होते. आळंदी फाटा मागं गेला तरी बघत होते.

"आमच्या बंगल्यात आठ खोल्या हायेत," ते मला म्हणाले, हळूच, मालकाच्या आवाजात नाही. "समद्या रिकाम्या. मी एका कोपऱ्यात टीव्ही बघतो, बायकू दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही बघती. जेवाय वाढलं की मिस कॉल देती."

 

गेटवर बस पोचली तेव्हा शिफ्टची वेळ टळून गेली होती. कामगार उतरून पळत सुटले. श्रद्धा सगळ्यांत शेवटी उतरली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि पडद्यावर पट्टा लाल झाला होता. या वेळी स्क्रिप्टचं काहीही चुकलं नव्हतं.

"काय म्हणतंय तुजं यंत्र?" रंगरावांनी विचारलं.

"उशीर," मी म्हणाले. "पण काका, मी त्यात अजून..."

"दाखवू दे उशीर," ते म्हणाले. "रांजणगावला दुसरं कुणीतरी जाईल." मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि घरी फोन लावला.